तेल प्यालेला कोबा

मित्रांनो, कारखान्यात शिरलेला माणूस यंत्रांकडे पाहतो, छताकडे पाहतो, घड्याळाकडे तर हमखास पाहतो. पायाखाली मात्र कोणी पाहत नाही. तिथे मी पसरलेला असतो. बंगळूरच्या म्हैसूर रस्त्यालगत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. त्याचा मी जुना कोबा. सिमेंट, वाळू आणि खडीची राखाडी जमीन.

मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. माझ्यावर काय सांडले हे मला सगळ्यांच्या आधी कळते. ते वाहत कुठे जाणार हेही कळते. सांगता मात्र काहीच येत नाही. म्हणून माझे निम्मे आयुष्य भीतीत गेले. ती भीती आज तुम्हाला सांगतो. त्यासाठी यल्लाप्पाची गोष्ट सांगावी लागेल, कारण त्या कारखान्यात माझ्याइतका भित्रा तोच एक होता.

माझा जन्म १९५२ सालचा. आमचे मालक मल्हारराव. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बंगळूरात राहिलेले. घरात मराठी, पण बोलताना दर चार शब्दांमागे एक कानडी. गवंड्यांनी मला ओतले, फळीने सारखे केले आणि बारा दिवस माझ्यावर पाणी साठवून ठेवले. बाराव्या दिवशी मल्हारराव अनवाणी माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "छान झालाय. ताट ठेवून जेवावं असा." ते माझे पहिले कौतुक.

पाणी साचू नये म्हणून गवंड्याने मला एका कोपऱ्याकडे किंचित उतार दिला होता. डोळ्यांना दिसणारही नाही इतका. त्या कोपऱ्यात भिंतीच्या तळाशी एक भोक ठेवले होते. मला धुतलेले पाणी त्या भोकातून भिंतीपलीकडच्या गटारात जात असे. ते गटार देवाप्पा लोहाराच्या शेडमधून, त्याच्या भट्टीला अगदी खेटून पुढे जाई.

मग यंत्रे आली. लोखंड कातायचे पाच लेथ आणि छिद्रे पाडायचे एक यंत्र. सगळ्यांना मिळून एकच मोटार. छताजवळ एक लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्याच्यावरून कातडी पट्टे खाली एकेका यंत्राला फिरवीत. दिवसभर फट्‌फट्‌ आवाज चाले. लोखंड कापताना त्याच्यावर तेलाची धार सोडत. त्यातला पहिला थेंब माझ्यावर पडला तेव्हा, खरे सांगतो, मला बरे वाटले. कोरड्या अंगाला तेल लागले की बरेच वाटते. मी तो पिऊन टाकला.

तीच माझी चूक झाली. मी पितो हे कळल्यावर कोणी पुसेनासे झाले. गंगव्वा नावाची एक बाई रोज सकाळी झाडायला येई. बेळगावाकडची, पन्नाशीची, कपाळावर मोठे कुंकू. ती एकटी बडबडे, "अरे, स्वल्प पुसा की! मी एकटी किती पुसू?" स्वल्प म्हणजे थोडेसे. तेवढेसुद्धा कोणी पुसले नाही. तेल, लोखंडाचा कीस आणि धूळ यांचा काळा थर माझ्यावर चढत गेला. चार वर्षांनी मल्हाररावांनी वैतागून त्या थरावरच रंग लावून घेतला. आठ दिवसांत तो रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि कामगारांच्या चपलांना चिकटून त्यांच्या घरोघर गेला.

आता यल्लाप्पाकडे येतो.

यल्लाप्पा तिसऱ्या लेथवर काम करी. तिशीतला, उंच, हाताचा अतिशय नेमका. तोही बेळगावाकडचा, त्यामुळे गंगव्वाला तो अक्का म्हणे आणि दुपारची भाकरी दोघे एकत्र खात. १९५८ च्या फेब्रुवारीत एके सकाळी तिसऱ्या लेथच्या मागे कोणाच्या तरी हातून तेल सांडले. पळीभर असेल. सकाळपासून नऊ जण तिथून गेले. नऊही जणांना ते दिसले. नऊही जणांनी पाय लांब टाकून ते ओलांडले. मी मोजत होतो. प्रत्येक पाऊल आले की माझा जीव टांगणीला लागे, आणि ते पलीकडे गेले की पुढच्या पावलाची धास्ती सुरू होई.

दहावा यल्लाप्पा आला. त्याच्या दोन्ही हातांत लोखंडी सळ्या होत्या, त्यामुळे त्याला खालचे दिसले नाही. त्याचा पाय सटकला. सळ्या खणखणत माझ्यावर पडल्या, तो बाजूला फेकला गेला, आणि पडता पडता आधारासाठी त्याने हात वर केला. तो हात फिरत्या पट्ट्याजवळ गेला. पट्ट्याने सदऱ्याची बाही पकडली.

"मोटार बंद करा! मोटार!" गंगव्वा ओरडली.

कोणीतरी खटका ओढला, पण यंत्र काही लगेच थांबत नाही. फिरतच राहते. बाही खांद्यापासून उसवली आणि फाटून वर गेली. ती बाही गेली म्हणून हात राहिला. यल्लाप्पा माझ्यावर उताणा पडला होता. त्याचे कोपर मोडले होते, पण तो ओरडत नव्हता. तो वर पाहत होता. छताजवळच्या दांड्याला गुंडाळलेली त्याची निळी बाही गरगर फिरत होती. हळू होत होती, तरी फिरतच होती. त्याच्या काळजाचे ठोके मला पाठीतून लागत होते. माझ्याच अंगावर तो पडला होता, आणि त्याला पाडले होते मीच.

तीन महिन्यांनी कोपर जुळून तो परत आला. हात बरा झाला होता. माणूस बरा झाला नव्हता. दारातून आत आल्यावर त्याने एक हात भिंतीला लावला आणि भिंतीच्या कडेकडेने, पाय न उचलता, घासत घासत तो तिसऱ्या लेथपर्यंत गेला. मोटार सुरू झाली. वर पट्टा फिरू लागला. त्याच्या पायांची थरथर मला अशी लागली, जशी जवळून रेल्वे जाताना लागते. घटकाभर तो तसाच उभा राहिला आणि मग बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

माणसे वाईट नसतात, पण हसायला मिळाले की सोडत नाहीत. तो भिंतीला चिकटून चालतो म्हणून त्याला सगळे 'हल्ली' म्हणू लागले. कानडीत हल्ली म्हणजे पाल. "हल्ली आली रे, बाजूला व्हा!" असे कोणी म्हणाले की तोही हसण्याचा प्रयत्न करी. ते हसू पाहण्यापेक्षा त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

कारखान्याचा कारभार तेव्हा मल्हाररावांच्या वतीने जयतीर्थ नावाचे व्यवस्थापक पाहू लागले होते. शिकलेले, तरुण, मनाने चांगले, पण कायम घाईत. त्यांनी यल्लाप्पाला बोलावले.

"यल्लाप्पा, किती दिवस असं चालणार? लेथवर तुला उभं राहवत नाही."

"नाही साहेब. प्रयत्न करतोय."

"सरी, ठीक आहे. मग दुसरं काम घे. दसऱ्याला नवं मोठं यंत्र येतंय. आयुधपूजेला मोठ्या कारखान्याचे अधिकारी आपल्याला काम द्यायचं का ते बघायला येणार. तोवर ही जमीन साफ करून रंगवायची आहे. उभं राहवत नसेल तर खाली बसून काम कर."

त्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती, पण मागे कोणीतरी फिस्‌कन हसले. यल्लाप्पाने मान खाली घातली आणि हो म्हटले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की जमीन साफ करणे म्हणजे बादलीभर पाणी ओतून फडके मारणे. तसे नसते. रंगारी रघुजी जमीन बघायला आला तेव्हा त्याने हे नीट समजावले. रघुजी साठीचा, बंगळूरचाच, दोन्ही हातांच्या नखांत कायम रंग. त्याने मुठीत पाणी घेतले आणि माझ्यावर शिंपडले. पाण्याचे गोल गोल मणी झाले आणि इकडे तिकडे पळाले.

"बघितलंस?" तो यल्लाप्पाला म्हणाला. "हे अळवावरचं पाणी. इथं रंग लावला तर तोही असाच पळून जाणार. तेल नुसतं वर नाही बाबा, पोटात मुरलंय. शिंपडलेलं पाणी जेव्हा पसरेल, आत मुरेल आणि जमीन काळपट ओली दिसेल, तेव्हा मला बोलव. तोवर मी डबा उघडणार नाही."

मग काम सुरू झाले. कसे करायचे ते गंगव्वाला ठाऊक होते. आधी जाड पत्र्याने काळा थर खरवडायचा. मग लाकडाचा भुसा पसरायचा, पायाने चोळायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी तेल प्यालेला भुसा झाडून भरून दूर नेऊन टाकायचा. मग पिंपात पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा घालायचा, ते कढत पाणी ओतायचे आणि तारेच्या ब्रशने घासायचे. मग साध्या पाण्याने धुवायचे. इतके केल्यावर जमीन सुकली की आतले तेल पुन्हा वर येते. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून.

यल्लाप्पा गुडघ्यांना गोणपाट बांधून माझ्यावर बसला. आणि नवल असे, की त्या दिवशी त्याच्या अंगाची थरथर थांबली. खाली बसलेला माणूस पडत नाही ना! त्याने मला वीतवीत खरवडले. मला वेदना होत होत्या, पण प्रत्येक खरवडीबरोबर वर्षांचे ओझे उतरत होते. माझ्या अंगावरच्या सगळ्या भेगा, सगळे खळगे त्याला पाठ झाले. धुतलेले पाणी कुठून निघते, कुठल्या वळणाने त्या कोपऱ्यातल्या भोकात जाते, हे मला सोडून जगात फक्त त्याला माहीत झाले.

"हात जळलेत की रे तुझे," एकदा गंगव्वा म्हणाली. सोड्याने त्याच्या बोटांची साले गेली होती. "खोबरेल लाव. अन् येल्लू, एक विचारू? अजून भ्या वाटतंय व्हय?"

"वाटतंय, अक्का. डोळे मिटले की ती बाही फिरताना दिसते." ब्रश थांबवून तो हळूच म्हणाला, "मी बायला झालो का गं?"

"गप. बायला म्हणे! मी बाईच आहे, मी काय वाईट हाय?" गंगव्वाने त्याच्यापुढे खोबरेलाची वाटी सरकवली. "ज्याला पाडलं त्याला भ्या वाटणारच. तू घास."

नवरात्र सुरू झाले तेव्हा माझे अर्धे अंग स्वच्छ झाले होते. दाराकडची बाजू आणि पश्चिमेची भिंत अजून काळी होती. मधोमध नव्या यंत्राच्या पायासाठी मला फोडून खड्डा केला होता आणि त्याच्या शेजारी वाळूचा ढीग होता. आयुधपूजेला तीन दिवस उरले.

त्या दिवशी दुपारी जयतीर्थ आत आले. मागून दोघांनी पेट्रोलचे चार डबे आणले.

"सोड्याने हे काम दिवाळीपर्यंत चालेल," ते म्हणाले. "पेट्रोल ओता, घासा, पुसा. तेल विरघळून निघून जाईल. उद्या रंग."

रघुजी तिथे नव्हता. गंगव्वा पुढे झाली. "साहेब, ते पेटतं की."

"ठाऊक आहे मला. मोटार बंद केली आहे. सगळ्यांच्या काडेपेट्या, विड्या या डब्यात टाका. एकही ठिणगी आत राहता कामा नये." त्यांनी खरोखर एकेकाचे खिसे तपासले. बाहेर पाऊस तिरका येत होता, चिखलपाणी आत येऊ नये म्हणून लोखंडी दार खाली ओढून घेतले. कामगार धरून अकरा माणसे आत होती. जयतीर्थांनी आतला सगळा विचार केला होता. भिंतीपलीकडचा कोणी केला नव्हता.

पहिला डबा पश्चिमेच्या भिंतीशी ओतला. मग दुसरा. माझे अंग गार पडले. त्या वासाने माणसांचे डोळे चुरचुरू लागले. जुने तेल आणि पेट्रोल एक होऊन बुळबुळीत झाले, आणि मग ते हलले. सावकाश, त्या न दिसणाऱ्या उताराने, एक पातळ धार कोपऱ्याकडे निघाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते कसे सांगू? देवाप्पाची भट्टी त्या दिवशी सकाळपासून पेटलेली होती. आयुधपूजेआधी लोहाराला उसंत नसते. भात्याचा आवाज मला भिंतीतून येत होता. धार माझ्यावरून वाहत होती. ती कुठे पोचणार हे मला माहीत होते. अकरा जोड पाय माझ्यावर उभे होते, आणि मला तोंड नव्हते.

यल्लाप्पा पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. वासाने आणि निसरड्याने त्याचे पाय पुन्हा कापू लागले होते. पण तो खाली पाहत होता. सगळे ब्रशाकडे पाहत होते, तो एकटा धारेकडे पाहत होता.

"साहेब," तो म्हणाला. कोणी वळले नाही. खाकरून पुन्हा म्हणाला, "साहेब, हे वाहतंय."

"वाहू दे. घाण घेऊनच जाईल."

"कुठं जाईल पण?"

"हल्ली घाबरली रे!" कोणीतरी म्हणाले आणि दोघेतिघे हसले. जयतीर्थ तिसरा डबा उघडत होते, त्यांनी वर पाहिले नाही. धार वाळूच्या ढिगापाशी पोचली, वळसा घालून पुढे सरकली.

"साहेब, कोपऱ्यात भोक आहे!" यल्लाप्पा आता ओरडला. "पलीकडं देवाप्पाची भट्टी आहे!"

जयतीर्थांच्या हातातला डबा तसाच राहिला. सगळे थिजल्यासारखे उभे राहिले. भीतीने माणूस पळतो असे म्हणतात, पण पुष्कळदा तो जागचा हलतच नाही. हलला तो यल्लाप्पा. त्याच्या आणि वाळूच्या मधे पंधरा पावलांची मोकळी जमीन होती, ओली आणि बुळबुळीत. धरायला भिंत नव्हती. आठ महिने ज्या गोष्टीला तो भीत होता, नेमकी तीच त्याच्यासमोर होती. मला त्याच्या टाचा जाणवल्या. त्या उचलल्या, पुन्हा टेकल्या, पुन्हा उचलल्या. आणि त्याने भिंत सोडली.

तिसऱ्या पावलाला तो पडला. उठला, पुन्हा पडला. मग तो उठलाच नाही. हातापायांवर रांगत, सरपटत, वाळूच्या ढिगाशी गेला. डोक्यावरचे मुंडासे सोडून त्यात वाळू भरली आणि कोपऱ्याकडे ओढत निघाला. गंगव्वा मागच्या लहान दारातून बाहेर धावली. तिचा आवाज भिंतीपलीकडून आला. ती कानडीत ओरडत होती, "देवाप्पा! बेंकी आरिसो! बेंकी!" विस्तव विझव, विस्तव!

धारेचे टोक भोकातून पलीकडे गेलेच होते. यल्लाप्पाने वाळू भोकात कोंबली. परत फिरला, रांगत गेला, पुन्हा वाळू आणली. दोन्ही हातांनी ती दाबत असताना पलीकडे भप्प असा आवाज झाला.

गटारात ज्वाळा उठली आणि पेट्रोलच्या मागावर उलटी भिंतीकडे धावली. भिंतीखालच्या भोकात तिची धग माझ्या कडेला भिडली. वाळूच्या त्या बाजूला आग होती, या बाजूला यल्लाप्पाचे दोन हात होते, आणि त्यांच्यामध्ये वीतभर ओली वाळू. वाळू तापली. यल्लाप्पाने हात काढले नाहीत. तो मोठमोठ्याने रडत होता आणि वाळू दाबत होता.

"दार उघडा! हळू, ठिणगी पाडू नका! बाहेर व्हा सगळे!" जयतीर्थांना आता वाचा फुटली. चौघांनी लोखंडी दार हातांनी उचलले. पावसाळी वारा आत शिरला आणि माणसे चिखलात बाहेर पडली. दोघेजण मात्र परत फिरले. एकाने वाळूची पाटी आणली, दुसऱ्याने वाहत्या धारेसमोर वाळूचा बांध घातला. तो दुसरा म्हणजे मघाशी हल्ली म्हणून हसलेलाच होता.

पलीकडची ज्वाळा खायला काही न मिळाल्याने विझली. देवाप्पाने भट्टीवर माती लोटली होती. त्याच्या भात्याचे कातडे जळाले, पायाच्या पोटरीला चटका बसला, तेवढ्यावर निभावले. सगळी माणसे जिवंत राहिली. गंगव्वाने यल्लाप्पाला बखोटीला धरून बाहेर नेले, तेव्हा त्याच्या मुठी वाळूने भरलेल्याच होत्या. त्या उघडता येत नव्हत्या.

जयतीर्थ पावसात पायरीवर बसले होते. शेवटी त्यांनी विचारले, "तुला कसं कळलं रे? माझ्या लक्षात आलं नाही, आणि तुला कळलं."

यल्लाप्पा म्हणाला, "मला काय कळलं नाही साहेब. मला भ्या वाटत होतं. म्हणून कुठं जातंय ते बघत होतो."

जयतीर्थ उठले. सगळ्यांच्या देखत त्यांनी यल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तीनदा सांगितलंस. मी पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं," असे ते म्हणाले. त्या दिवसानंतर कारखान्यात हल्ली हा शब्द कोणी उच्चारला नाही.

संध्याकाळी मल्हारराव आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, वाकून भोकातली काळी पडलेली वाळू पाहिली आणि एवढेच म्हणाले, "पूजा बिनरंगाच्या जमिनीवर होऊ दे. देवीला रंग नको, माणसं हवीत." दोन दिवस दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. वास पूर्ण गेल्यावर सगळ्यांनी सोड्याचे पाणी आणि ब्रश हातात घेतले. जयतीर्थसुद्धा धोतर खोचून बसले. आयुधपूजेला दृष्ट काढायचा कोहळाही बाहेर फाटकाशी फोडला, आत सांडू नये म्हणून. अधिकारी आले. जमीन अशी अर्धवट का, असे त्यांनी विचारले, तेव्हा जयतीर्थांनी काही न लपवता खरे ते सांगितले. मागितलेले सगळे काम मिळाले नाही, निम्मे मिळाले. मल्हारराव म्हणाले, निम्मे पुष्कळ झाले.

रघुजी आला तो त्यानंतर दहा दिवसांनी. त्याने पाणी शिंपडले. थेंब माझ्यावर पसरले आणि आत गेले. कित्येक वर्षांनी मी पाणी प्यालो. "आता झाली जमीन," असे म्हणत त्याने डबा उघडला. मला राखाडी रंग दिला, चालायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे ओढले. तो रंग पुष्कळ वर्षे टिकला.

आणि यल्लाप्पा? तुम्हाला वाटेल, त्याची भीती पळाली असेल. गोष्टींत पळते. त्याची पळाली नाही. तो लेथवर परत उभा राहिला, पण मोटार सुरू झाली की त्याचे पाय आधी कापत. मला लागत असे ना! एकदा मल्हाररावांनी त्याला विचारले, "अजून भीती वाटते का रे?"

"वाटते, अण्णा."

"मग काय करतोस?"

"मग खाली बघतो. काय सांडलेलं असलं तर पुसतो. अन् उभा राहतो."

असा तो कितीतरी वर्षे उभा राहिला. त्याच्या हाताखाली जे जे शिकले त्यांना त्याने लेथच्या आधी फडके हातात दिले.

मित्रांनो, आता १९६८ साल आहे. मल्हारराव थकले आहेत, गंगव्वा गावी गेली, आणि गेल्याच महिन्यात यल्लाप्पाला दुसऱ्या मोठ्या कारखान्यात शिकवायला बोलावले म्हणून तोही गेला. इथे नवी यंत्रे आली आहेत, नवी माणसे आली आहेत. सगळी हुशार आहेत, सगळी घाईत आहेत. माझा रंग जागोजाग उडाला आहे. त्याचे मला दुःख नाही. जुने झाले की रंग उडायचाच. पण माझे एवढे ऐका. सांडलेले ओलांडून जाऊ नका. ज्याने सांडले त्यानेच पुसावे म्हणून थांबू नका. आणि कोणी घाबरून काही सांगू लागला, तर हसण्याआधी तो बोट कुठे दाखवतो आहे तिकडे पाहा.

आत्ताच जेवणाच्या सुट्टीआधी चौथ्या यंत्राखाली तेल गळले आहे. तळहाताएवढे आहे, पण पसरते आहे. घंटा झाली. माणसे बोलत, हसत आत येत आहेत. पहिला आला. त्याने पाहिले, आणि पाय लांब टाकला.

मी दुसऱ्याची वाट पाहतो आहे.